घाम आलेली भिंत

दार लोटा आणि जवळ सरका, पोरांनो. पदरचं एक अक्षर नाही यात. माझा शिंपी मित्र आहे ना, त्याच्याच घरची गोष्ट.

गेल्या पावसाळ्यातल्या शेवटच्या शनिवारची रात्र. लेक तान्ह्या बाळाला घेऊन सकाळी माहेरी यायची होती. वर जागा नाही, म्हणून तिला तळघरातली खोली द्यायचं ठरलं. तिथे पूर्वी त्याची आत्या राहायची. ती गेल्यापासून खोली बंदच. हा संध्याकाळी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आला.

"अहो, भिंतीवर बुरशी आहे," बायको म्हणाली. "आधी घासा, वाळू द्या."

"रंग लावला की दिसते कुठे?"

"दिसत नाही, पण छातीत जाते. बाळ झोपणार आहे तिथे."

"आजोबा, म्हणजे बुरशीचं भूत?"

हसून घे, पोरा. पुढे जमणार नाही.

आत्याही हेच सांगायची. खाटेवर बसून खोकायची आणि म्हणायची, "भिंतीला पांघरूण कशाला घालतोस रे बाबा? घाम आलाय तिला. कुठून येतोय ते बघ की!" हा दर पावसाळ्यात रंगाचा हात मारायचा, पुढे कपाट सरकवायचा, की झालं. शेवटी खोकल्यातच गेली बिचारी. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. यानं ते लगेच मान्य केलं. पण तेव्हापासून कुणी खोकलं की हा ताटावरून उठायचा.

तरी त्या रात्री रंग लावलाच. हात धुतले, वर येऊन आडवा झाला.

वीज गेली. त्याला जाग आली. खालून आवाज.

खर्र... खर्र...

ताठ ब्रशनं भिंत घासावी तसा. बायको शेजारी गाढ झोपलेली. घरात तिसरं कुणी नाही.

टॉर्च घेऊन उतरला. दाराशी थांबला. आवाजही थांबला.

मग... खोकला. एकदाच.

"आत्या?"

त्यानं दार ढकललं.

"आत्या, ऐकलं नाही गं तुझं. चुकलो मी..."

फक्त पाणी. टप्... टप्...

त्यानं टॉर्च फिरवली. ओला रंग, बुरशी, सगळं खरवडून निघालेलं. आतलं प्लास्टर एका जागी फुटलेलं. आणि तिथेच गळणारा पाइपचा सांधा.

उजाडताच त्यानं लेकीला फोन केला. "थोडी थांब गं बाळा. खोली अजून चांगली नाही." प्लंबर बोलावला. कपाट बाहेर काढलं. तोंडाला फडकं बांधून, साबणाच्या पाण्यानं उरलेली भिंत स्वतः घासली. खिडकी उघडी टाकली, पंखा लावला, पार वाळल्याशिवाय रंगाचा डबा उघडला नाही. मग लेक आली. बाळ तिथे सुखानं झोपलं. देवाची कृपा, एकदाही खोकलं नाही.

"मग भूत कुठंय, आजोबा?"

मी ती भिंत रंगवायच्या आधी पाहिलीय. रात्री घासली गेली होती ती फक्त खाटेवर बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत. त्याच्या वरची यानं घासलेली. यंदाच्या पावसात मी स्वतः हात लावून पाहिला. वरची भिंत गार होती.

खालची... उबदार. कुणी आत्ताच पाठ टेकून उठल्यासारखी.