नावाचं टोक

पैज लावा माझ्याशी. यातला एक शब्द जरी तुम्ही खरा मानलात, तर तुम्ही हरलात. मी थापाडी आहे हे अख्ख्या बिल्डिंगला माहितीये. टाकीत मगर आहे असं मी सांगितलं, तर हा चष्मेवाला दोन दिवस आंघोळीला गेला नाही. हसू नकोस रे, तुझ्या आईनेच सांगितलं मला. आणि आता लाइट गेली, की आलात लगेच माझ्याभोवती. बसा. फक्त जिन्याकडे पाठ करू नका.

गोष्ट माझ्या भाच्याची. थोरल्या बहिणीचा मुलगा, औषधाच्या दुकानात कामाला. सगळे त्याला पुड्या म्हणतात, कारण तो सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. तो पुड्या बांधतो, मी पुड्या सोडते. घराणंच तसलं आमचं.

तीन वर्षांपूर्वी नदी त्यांच्या गावात शिरली. जावयासारखी चार दिवस ठाण मांडून बसली आणि जाताना भांडीकुंडी घेऊन गेली. मागे ठेवला नुसता चिखल. औषधांची दुकानं बुडाली, दवाखाने बुडाले. मग शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली, वरून औषधांची खोकी आली. ज्याचा विमा नाही, त्याला महिन्याच्या गोळ्या फुकट. चांगली गोष्ट आहे की नाही? चांगलीच आहे. पुड्याचं दुकान चिखलात, म्हणून त्यालाही तिथेच बसवलं. शेजारी एक सरकारी मॅडम, शिक्का घेऊन.

अट एकच. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, नाहीतर जुन्या गोळ्यांची रिकामी पट्टी दाखवा. पट्टीवर नाव पाहिजे औषधाचं.

आता मला सांगा, पुरात माणूस पोरं उचलेल का चिठ्ठ्या?

बुधवारी दुपारी रांगेत शिवणवाली आली. पुड्याच्या दुकानामागच्या गल्लीत, माडीवरच्या एका खोलीत एकटी राहायची. वय पन्नाशीचं, तोंड माझ्यासारखंच फटकळ. अख्ख्या गावाच्या पोरांच्या शाळेच्या चड्ड्या तिनेच शिवलेल्या, आणि कापड कुठल्याही रंगाचं असो, आतून टीप लाल दोऱ्याची. "नाव कशाला घालू," म्हणायची, "दोरा ओळखा."

तिला फिट यायची. सहा वर्षं रोज रात्री एक गोळी, ती चुकली की पडायची. विमा कुठला? पाच-पाच चड्ड्यांचे पैसे आले, की पुड्याकडून चार गोळ्या न्यायच्या. अख्खी पट्टी परवडते कुणाला?

आणि सुटी गोळी कशी देतात, माहितीये ना? कात्रीने पट्टी कापतात. नाव एका टोकाला छापलेलं असतं. ते टोक दुकानदार शेवटपर्यंत आपल्याकडे ठेवतो आणि दुसऱ्या बाजूने कापत जातो. पुड्या तर त्या टोकातल्या शेवटच्या दोन गोळ्या दाबून काढून पुडीत बांधायचा, आणि नावाचं टोक बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. माल मागवायला सोपं जातं म्हणे.

तर शिवणवालीने टेबलावर ठेवला चार भोकांचा चंदेरी तुकडा. कोरा.

मॅडम म्हणाल्या, "यावर नाव कुठंय?"

शिवणवाली हसली. "नाव याच्या डब्यात. विचारा की. काय रे पुड्या, तूच कापलीस ना? चांगली सरळ कापतोस हो, माझ्याकडे आला असतास तर शिंपी केला असता तुला."

रांगेतली माणसं हसली. पुड्या हसला नाही.

त्याला गोळीचं नाव माहिती होतं. ताकद माहिती होती. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण सांगायचं म्हणजे कबूल करायचं, की सहा वर्षं मी बिनचिठ्ठीची सुटी गोळी विकतोय. मालकाचं लायसन्स, याची नोकरी. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला,

"ताई, चिठ्ठी आणा."

"डॉक्टरचा दवाखाना वाहून गेला, डॉक्टर गेला मेव्हण्याकडे. चिठ्ठी काय नदीकडे मागू?"

"उद्या बघू, ताई."

तिचं हसू गेलं. "अरे, सोमवारी संपली माझी गोळी. पहिली चड्डी कुणी शिवली रे तुझी?"

मॅडमनी कोरा तुकडा तिच्या हातात परत दिला, तिच्या अर्जावर 'अपूर्ण' असं लिहिलं आणि अर्ज पेटीत टाकला. ती तुकडा मुठीत धरून गेली. पुढचा कोण, मॅडम म्हणाल्या.

काय रे, चुळबूळ का चाललीये? भूत कुठंय? हे काय कमी आहे?

बरं. त्या रात्री पुड्याला जेवण जाईना. त्याला वाटलं, तो डबा सापडला तर? नावाचं टोक कुठंतरी सापडलं म्हणून सकाळी मॅडमना दाखवू. आपलं नाव यायला नको, तिचं काम व्हायला हवं. असा शहाणा. पावणेबाराला टॉर्च घेऊन निघाला दुकानाकडे.

पूर ओसरून सहावा दिवस. वीज नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घराघरांतून काढलेला कचरा. गाद्या, कपाटं, दार उघडं टाकलेले फ्रिज. भिंतींवर डोक्याच्या वर पाण्याची रेघ. एक कुत्रंसुद्धा नाही.

गल्लीच्या तोंडाशी आला आणि ऐकलं.

खट् खट् खट् खट्.

शिलाई मशीन. पायाचं. माडीवरून.

त्याला इतकं बरं वाटलं म्हणता! म्हणजे बाई धड आहे. काम करतेय. त्याने खालून हाक मारली, "ताई! अजून जाग्याच?"

मशीन थांबलं.

"ताई, मी डबा शोधायला चाललोय. सकाळी पहिला तुमचा नंबर!"

...

काही नाही. मग पुन्हा खट् खट् खट्.

रुसली असेल, म्हणाला. गेला दुकानात. शटर अर्धंच वर जात होतं, वाकून शिरला. ड्रॉवर ओढला. आत चिखल भरलेला, पुरणासारखा गच्च. पण मधोमध एक चौकोनी खळगा. डब्याच्या मापाचा. कडा अजून ओल्या.

डबा नव्हता.

त्याला वाटलं, चोरला कुणी. रिकामी टोकं कोण चोरेल, हे डोक्यात आलंच नाही. शटर तसंच टाकून परत निघाला. माडीखाली आला. मशीन चालूच.

"ताई," म्हणाला. आवाज जरा बारीक झाला होता. "डबा नाही मिळाला. पण मी... मी सांगतो मॅडमना. माझं नाव घेऊन सांगतो. सकाळी."

मशीन थांबलं.

तो वाट बघत उभा. टेकायला हात मागे गेला. कचऱ्याच्या ढिगाला. हाताला गार लोखंड लागलं. गोल.

टॉर्च वळवला.

शिलाई मशीन होतं.

तिचंच. शिवणाच्या कामासाठी माडीखाली ठेवलेलं, पुरात बुडालेलं. त्यानेच तर रविवारी तिला ते ओढून बाहेर काढायला मदत केली होती, मघाशी आठवलंच नव्हतं. चाक गंजून बसलेलं. पट्टा कुजलेला. एकच मशीन होतं तिच्याकडे. एकच.

त्याने चाक फिरवून बघितलं.

फिरेना.

आणि वर...

खट्.

...

खट्.

...

खट् खट् खट् खट् खट्...

पळाला. चप्पल तिथेच.

सकाळी आठला बातमी आली. शेजारणीने दार फोडलं होतं. शिवणवाली बुधवारी दिवेलागणीलाच गेली होती. फिट आली, गादीत तोंड रुतलं, उठवायला कुणी नाही. रात्रभर तशीच पडलेली. पोटाखाली दुमडलेला उजवा हात, मूठ रिकामी. कोरा तुकडा खोलीत कुठेच नव्हता.

पुड्या हॉलमध्ये आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे होते. मॅडमना सांगायचंच, असं ठरवून आला होता. मॅडमना काही माहिती नव्हतं. त्यांनी कंबरेची किल्ली काढली, पेटी उघडली, कालचे अपूर्ण अर्ज बाहेर काढले. पेटीला कुलूप रात्रभर. किल्ली एकच.

सगळ्यात वर तिचा अर्ज.

अर्जाला गोळ्यांची पट्टी जोडलेली. एका बाजूला चार भोकांचा कोरा तुकडा. दुसऱ्या बाजूला नावाचं टोक. नाव, ताकद, तारीख, सगळं स्वच्छ वाचता येईल असं. आणि दोन्ही तुकडे एकमेकांना शिवलेले. बारीक, सरळ टीप. एक टाका वाकडा नाही.

लाल दोरा.

टोकाला थोडा चिखल होता. ओला.

मॅडमनी चष्मा वर केला, नाव वाचलं, आणि 'अपूर्ण' खोडलं. शिक्का मारला. म्हणाल्या, "बघा, मिळालं ना? लोक आधी कागद आणत नाहीत आणि मग आपल्याला नावं ठेवतात. बोलवा त्यांना."

तीस गोळ्या मंजूर झाल्या. पिशवीत भरल्या, पिशवीवर तिचं नाव लिहिलं, ठेवल्या फळीवर.

पुड्याने नोकरी सोडली. आता घरीच असतो, आईपाशी. कात्री दिसली की उठून आत जातो.

ती पट्टी? मला कशाला विचारतोस? अर्ज घेऊन गेले वरचे लोक. पण मागच्या महिन्यात बहिणीने त्याची जुनी ट्रंक उपसली. तळाशी त्याची पहिलीतली चड्डी सापडली. उलटी करून बघितली. आतली लाल टीप सगळी उसवलेली. कापड धड, भोकं जागच्या जागी, दोरा तेवढा नाही.

कोण म्हणालं थाप आहे? पैज जिंकलात की मग, मगरीच्या बच्च्यांनो. तुझ्या आईच्या उशाशी असतात ना सुट्या गोळ्या? घरी जाऊन बघ, नावाचं टोक तुमच्याकडे आहे की दुकानात.

लाइट येईपर्यंत थांबायचं नाही इथे. मला माझी गोळी घ्यायचीये. निघा आता. निघा म्हटलं ना.