न विसळलेली बाटली

प्रमोदिनीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो म्हशीची समजूत घालत होता.

"पाय हलवू नको चंद्रे, पावणं आल्यात."

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ पेला हातात देतात, हे सगळ्या कोल्हापूरला ठाऊक. पण १९७४ सालच्या त्या शनिवारी, दुधातले जंतू मोजायला काचेच्या बाटल्या घेऊन आलेली मुलगी कट्टा प्रथमच पाहत होता. तिच्या कॉलेजातल्या सरांनी ठरवून दिलेला गवळी गावाला गेला होता, म्हणून ती शेजारच्या बाळासोकडे वळली. मिश्या दरारा दाखवणाऱ्या, डोळे मात्र हसरे.

"या बाटलीत थोडं दूध हवंय. तपासायला."

"तपासा की. आन् आदी हे प्या." त्यानं पेला पुढं केला.

"कच्चं दूध मी पीत नाही."

कट्टा खो खो हसला. बाळासोचा हात क्षणभर तसाच राहिला... मग त्यानं पेला दुसऱ्याला दिला. प्रमोदिनीला उगाचच चुटपुट लागली.

मग ठरलेला गवळी परत आला, तरी ती बाळासोकडेच जायला लागली. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही. तो बाटली घेऊन चंद्रीच्या पलीकडे, हौदाच्या बाजूला जाई, गुणगुणत धार काढी आणि भरलेली बाटली दोन्ही हातांनी देई. संशोधकानं नजर बाटलीवर ठेवावी — तिची भलतीकडेच असे.

तिसऱ्या शनिवारनंतर तिच्या नमुन्यांत एक विलक्षण जंतू सापडला. प्रत्येक बाटलीत तोच. ती आनंदानं सरांकडे धावली. सरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हे दुधातले नव्हेत. हौदाच्या पाण्यातले आहेत."

या नमुन्यांच्या अहवालावरच तिची बंगलोरच्या प्रयोगशाळेतली निवड अवलंबून होती. तिथं जनावरांच्या लाळ्या-खुरकुताच्या विषाणूवर काम चालायचं, आणि अहवालाला आता दोनच आठवडे उरले होते.

त्याच संध्याकाळी ती तणतणत कट्ट्यावर गेली. "दुधात पाणी घालता?"

बाळासोचा चेहरा पडला. "आमच्या घराण्यात कुनी घातलं न्हाई, म्याडम. बाटली तेवडी हौदावर इसळून घेतो. पावण्याला न इसळता भांडं द्यायचं... बरं दिसतंय व्हय?"

तासभर वाफेवर निर्जंतुक केलेल्या बाटल्या! आणि हा माणूस मानपान म्हणून त्या विसळत होता. तिला रडावं की हसावं कळेना. शेवटी ती हसली, मग तोही.

पुढचे दहा दिवस ती रोज येई आणि तो ती म्हणेल तसं करी. हात साबणानं धुई, चंद्रीची कास पुसे, बाटलीचं बूच शेवटच्या क्षणी उघडी.

"त्या लाळ्या-खुरकुताच्या इषाणूनं माजं रेडकू न्हेलं गेल्या साली," एकदा तिच्याकडून बंगलोरचं ऐकून तो म्हणाला. "तुमी त्येच्याच मागं लागनार व्हय?"

"लागणारच."

"मग जावा की बिनघोर." आणि तो बराच वेळ चंद्रीच्याच पाठीवर हात फिरवत राहिला.

निवडीची तार नेमकी कट्ट्यावर जायच्या शनिवारी आली, तेव्हा प्रमोदिनी राजारामपुरीतून धावतच रिक्षापर्यंत गेली. वाटेत तिनं मनाशी पक्कं केलं — आज त्याच्या हातचा पेला घ्यायचा. कच्चा तर कच्चा. जंतूंना काय वाटायचं ते वाटो.

कट्ट्यावर गर्दी आणि हशा होता. मधोमध स्टोव्ह फुरफुरत होता, वर पातेलं, आणि बाळासो पळीनं दूध ढवळत होता. धारोष्ण दुधासाठी नावाजलेल्या कट्ट्यावर!

"लाज घालवलीस गड्या," कुणीतरी ओरडलं.

"घालवली तर घालवली," तो म्हणाला आणि पेला तिच्यापुढं धरला. "तीन उकळ्या आल्यात. आता तरी घ्या."

"मी तर आज कच्चंच प्यायला आले होते..."

तिनं पेला घेतला. दुधानं तोंड भाजत होतं, डोळ्यांत पाणी आलं, तरी तिनं थेंब ठेवला नाही.

"दोन वर्षं लागतील बंगलोरला," ती म्हणाली. "मला तुम्ही आवडता, बाळासो. थांबाल?"

बाळासोनं रिकामा पेला घेतला आणि सवयीनं हौदाकडे वळला... मग थबकला. पेला तसाच, न विसळता, त्यानं फळीवर सगळ्यांत वर ठेवला.

"ह्यो आता दोन वर्सांनीच इसळायचा," तो म्हणाला. "तुमी आल्यावर."