कोऱ्या फोटोंची वजाबाकी

माझं काम सांगितलं की लोकांचा विरस होतो. आकाशाचा अभ्यास करणाऱ्या उपग्रहाची माहिती मी उतरवून घेतो म्हटलं की माणसं खुर्ची पुढे ओढतात. मग मी फायलींना नावं देऊन त्या फोल्डरात लावतो हे कळलं की चहाकडे वळतात. मला मात्र हे काम मनापासून आवडतं. फायली कुलूपबंद येतात. त्यांची किल्ली, म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ, वेगळ्या मेलने येते. ती लावायची, गठ्ठा उघडायचा, ज्याला त्याला त्याच्या जागी बसवायचं. आई म्हणते, माझा मुलगा आभाळाची कपाटं आवरतो.

प्रत्येक गठ्ठ्यात काही फोटो कोरे असतात. दुर्बिणीचं झाकण बंद ठेवून ते मुद्दाम काढलेले असतात. बाहेरचा उजेड आत येतच नाही, त्यामुळे त्यात जे दिसेल तो कॅमेऱ्याचा स्वतःचा मळ. तो खऱ्या फोटोंतून वजा केला की तारे स्वच्छ दिसतात. वजाबाकी संगणक करतो. कोरे फोटो कुणी उघडून बघत नाही. रिकाम्या डब्यात कोण कशाला डोकावेल?

मी एकदा डोकावलो. जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि मान अवघडली होती. रविवारी लेकीच्या खोलीत छताला अंधारात चमकणारे प्लास्टिकचे तारे चिकटवले होते, त्याची ही बक्षिसी. मी स्टुलावर आणि ती खाली उभी राहून हुकूम सोडतेय, असा सगळा थाट होता. तिला ताऱ्यांचं बदक हवं होतं. माझ्या हातून चोच शेपटीच्या बाजूला गेली, तेव्हा तिने मोठ्या मनाने माफ केलं. "असू दे बाबा, ते मागे बघतंय." त्या दिवसापासून रोज झोपताना मी तिच्या पलंगाच्या कडेला बसून मागे बघणाऱ्या बदकाची गोष्ट सांगत होतो.

कोऱ्या फोटोत ते बदक होतं. फिकट ठिपक्यांचं, मागे बघणारं.

मला हसू आलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईला बोलावून दाखवलं. तिचा कामाचा सपाटा बघून आम्ही तिला तुफान म्हणतो.

"खराब ठिपके आहेत," ती म्हणाली. "बदक कसलं? वजा कर आणि मोकळा हो. मॅडम वाट बघतायत."

मॅडम म्हणजे ज्यांच्या संशोधनासाठी हे सगळं चाललं होतं त्या. मी वजाबाकी लावली आणि घरी गेलो.

लेकीच्या खोलीतला दिवा मालवला. छत काळंभोर होतं.

"बदक कुठे गेलं?" मी विचारलं.

"कुठलं बदक?" लेक म्हणाली.

बायको दारातून हसली. "छताला तारे? तू आणि स्टुलावर चढणार?"

दोघी मिळून माझी फिरकी घेतायत असं वाटलं. मी स्टूल आणून छतावरून बोटं फिरवली. गोंदाचा चिकटपणासुद्धा नव्हता. मान मात्र तशीच ठणकत होती. मग मी कडेला बसून सशाची गोष्ट सांगितली. माझ्या शर्टाचं बटण मुठीत धरून ती झोपी गेली, आणि मला भीती वाटली. तारे गेले तर गेले. पण त्या खोलीत आता एकच चीज होती, जी गेली तर मी जगलो नसतो.

पुढचा गठ्ठा आला तेव्हा मी त्याला किल्ली लावलीच नाही. कुलूप आहे तोवर काही वजा होणार नाही, हा विचार खुळचट होता, पण त्याने झोप छान लागायची. मॅडमचे फोन येत होते. "किल्ली लागत नाही," असं सगळ्यांना सांगून मी चक्क सुखात होतो.

मान काही ऐकेना, तेव्हा एका सकाळी डॉक्टरकडे जाऊन दुपारी ऑफिसला पोचलो.

"लागली की रे किल्ली," तुफान म्हणाली. "पहिल्याच फटक्यात. सगळं उरकून मॅडमना पाठवलंसुद्धा."

मी तिच्या टेबलाकडे धावलो. "कोरे बघितलेस?"

"तू नाद लावलास म्हणून एक बघितला. पलंगासारखं काहीतरी होतं. त्यावर एक डाग."

"आडवा? झोपलेल्या माणसासारखा?"

"नाही रे. कडेला बसल्यासारखा. चांगला मोठा होता."

जीव भांड्यात पडला. माझी लेक एवढीशी, आणि त्या पलंगावर ती कायम आडवीच असते. मोठा, बसलेला डाग काय वाटेल तो असो, तिचा नव्हता.

तरी राहवेना. लवकर निघालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच तिची खिडकी दिसली. आत दिवा होता, आणि पडद्यामागे तिची सावली टुणटुण उड्या मारत होती.

इतका आनंद मला कधी झाला नव्हता. जिने धावत चढलो. नेहमीसारखी दोनदा घंटा वाजवली.

दार साखळीपुरतं उघडलं. ओठावर दुधाची मिशी होती.

तिने मला नीट बघितलं. मग शिकवल्याप्रमाणे साखळी न काढता, आत वळून ती म्हणाली,

"आई, कुणीतरी काका आलेत."