कुठला तरी कुत्रा

स्वीडनच्या उत्तरेला, किरुना गावात मावशीकडे सुट्टीला आलेली शाल्मली रडकुंडीला आली होती. तिच्या हातून दार उघडं राहिलं आणि मावशीचा म्हातारा, अधू डोळ्यांचा कुत्रा गोट्या बर्फात निघून गेला. बाहेर उणे अठरा अंश!

घरकाम करणाऱ्या बुल्ले या यंत्रमानवाला फक्त स्वीडिश समजे. शाल्मलीने आठवतील ते शब्द जुळवले. "हेमता एन हुंद!" म्हणजे, कुत्रा आण!

बुल्ले धावला आणि पाच मिनिटांत कुत्रा घेऊन आला. शेजाऱ्यांचा! ती पुन्हा ओरडली, त्याने दुसरा आणला. तिसऱ्याच्या मागे तर त्याची मालकीणच धावत आली, एकाच पायात बूट घालून.

शाल्मलीने मावशीला फोन लावला. सुनेत्रामावशी यंत्रमानवांना भाषा शिकवणारी शास्त्रज्ञ. सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, 'एन हुंद' म्हणजे कुठला तरी एक कुत्रा. बिचारा बरोबर वागतोय! आपल्या माहितीतला कुत्रा हवा, तर 'एन' पुढून काढून मागे चिकटव."

"हुंद... एन. हुंदेन?"

"शाब्बास! हे निश्चित नाम (नेमकी कोणती वस्तू ते सांगणारं नाम). आपण 'तो कुत्रा' म्हणताना 'तो' वेगळा ठेवतो. इथे त्याचं काम प्रत्यय (शब्दाला मागून जोडलेला तुकडा) करतो."

"हेमता हुंदेन!" शाल्मली ओरडली. बुल्ले सुसाट सुटला.

दहा मिनिटांनी भिंतीवरच्या स्पीकरमधून त्याचा आवाज आला, "हुंदेन!" गोट्या सापडला होता. पाठोपाठ प्रश्न आला, "वार्त?" म्हणजे, कुठे नेऊ?

फोन अजून चालूच होता. "मावशी, घर म्हणजे हूस ना? एन हूस?"

"नाही, एत हूस. कोणाला 'एन', कोणाला 'एत', ते पाठच करायचं. आपला दगड 'तो' आणि वीट 'ती' का, सांगता येईल तुला?"

शाल्मली दचकली. 'एत हूस' म्हटलं, तर हा गोट्याला कुणाच्याही घरी सोडून येईल! तिने घाईघाईने 'एत' मागे नेला. "हूसेत, बुल्ले! हूसेत!"

थोड्याच वेळात बुल्ले दारात हजर झाला. त्याच्या कडेवरून गोट्याने शाल्मलीच्या कुशीत उडी घेतली आणि अंगावरचा सगळा बर्फ तिच्यावर झटकला. ती हसता हसता रडली.

"मावशी, बुल्लेला मराठी कोण शिकवणार?"

"तूच शिकव की."

"शिकवेन. पण आपल्याकडे तो, ती आणि ते अशी तीन लिंगं आहेत म्हटल्यावर हा पळून नाही ना जाणार?"