एकोणीस मिनिटांचं गाणं

पडेगावला दौलताबाद रस्त्यापासून दोन गल्ल्या आत पुंडलिकरावांचं पत्र्याचं शेड होतं. चाळीस वर्षं तिथं लोखंडी कपाटं बनली. गुडघे गेल्यावर त्यांनी काम बंद केलं आणि शेड लेकीच्या, संध्याच्या, हवाली केलं. तिनं भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, ड्रम्स मांडले, कॉम्प्युटर लावला. तिघांचा बँड होता. ड्रम्सवर संध्या, बास गिटारवर हिमांशू, आणि गिटार वाजवत गाणारा मिहिर. गाणी सगळी मिहिरची. लांबलचक, मध्येच ताल बदलणारी, ऐकणाऱ्याला दमवणारी. पहिला अल्बम शहरातल्या शे-दीडशे माणसांनी ऐकला असेल. दुसऱ्या अल्बममध्ये तीनच गाणी होती आणि एकही पंधरा मिनिटांच्या आत संपत नव्हतं.

या अल्बमची घाई होती, कारण मिहिरचे कान चालले होते. उजवा मागच्या वर्षीच गेला. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीपर्यंत धरून चाला. तो एप्रिलातच गेला. तिसरं गाणं मिहिरनं गिटारच्या लाकडाला जबडा टेकवून, नुसत्या कंपनांवर वाजवलं. रविवारी दुपारी, उन्हानं पत्रा तडतडत असताना, तिघांनी ते एका दमात संपवलं. एकोणीस मिनिटं, चार सेकंद. संध्यानं आकडा वहीत लिहून ठेवला. ती पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. आकडे लिहून ठेवायची तिला सवयच होती.

सोमवारी कॉलेजातून येऊन तिनं फाईल उघडली, तर गाणं वीस मिनिटांचं झालं होतं.

आपलंच काहीतरी चुकलं, असं तिला वाटलं. मंगळवारी एकवीस भरली. तिनं कॉम्प्युटर तपासला, दुसऱ्या मशीनवर फाईल टाकून पाहिली. वाढलेला भाग कुठून उचलून चिकटवलेला नव्हता. तिघंही वाजवत होते. हिमांशूची तार ओढायची लकब, तिच्या डाव्या हाताचा किंचित मागे राहणारा ठोका, सगळं तेच. फक्त ते त्यांनी कधी वाजवलंच नव्हतं.

बुधवारी पुंडलिकराव चहा घेऊन आले आणि दारातच थांबले. तरुणपणी जयंतीच्या गायन-पार्टीत त्यांनी ढोलकी वाजवली होती; हात त्यांना चेहऱ्यासारखे ओळखू यायचे.

"कवा वाजवलंस हे?"

"का हो बाबा?"

"हात तुझाच हाय. पण लई थकल्यावानी वाजतोय. आजारी माणसाचा असतो तसा." त्यांनी चहा तिथंच ठेवला. "बंद कर बरं ते."

संध्यानं बंद केलं. तेव्हा कोपऱ्यात नुसत्या सवयीनं हेडफोन लावून बसलेला मिहिर ओरडला, "लाव ना! बंद कशाला केलंस?"

तिनं वळून पाहिलं. मिहिरच्या गालांवर पाणी होतं. दोन आठवडे त्याला कशाचाच आवाज ऐकू आला नव्हता. ती फोनवर लिहायची आणि तो वाचायचा.

"हे मला ऐकू येतं, संध्या. बाकी काही नाही. हे येतं."

गुरुवारी तेविसाव्या मिनिटाला बास थांबली. सूर अर्धाच सुटला होता. ड्रम्स आणि गिटार तसेच पुढे गेले. हिमांशूला तिनं फोनवर सांगितलं, तर तो हसला. "चला, माझी सुट्टी झाली म्हणायची." त्याच दिवशी फुलंब्रीहून परत येताना त्याची मोटारसायकल घसरली. जीव वाचला. डाव्या हाताची तीन बोटं मात्र काढावी लागली.

संध्या शुक्रवारी त्याला भेटून आली. गाण्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. त्यानंच पट्टी बांधलेला हात उचलून विचारलं, "किती झालं आता?"

"चोवीस."

"पुसून टाक ते," हिमांशू म्हणाला. "मिहिर रडला तरी पुसून टाक."

शनिवारी तिनं मिहिरच्या समोर बसून फोनवर लिहिलं, 'मी हे पुसतेय.' त्यानं वाचलं आणि तिचं मनगट धरलं. शाळेपासूनची दोघांची ओळख. एवढ्या जोरानं त्यानं तिला कधी धरलं नव्हतं.

"मग मला काय उरलं? सांग ना. तुझा आवाज कसा होता, तेसुद्धा आता नीट आठवत नाही मला."

ती रडत रडतच एकेक फाईल पुसत गेली. दुसऱ्या मशीनवरचीही पुसली. मिहिर भिंतीकडे तोंड करून बसला होता, पाठ हलत होती.

रविवारी फाईल जागेवर होती. सव्वीस मिनिटं.

त्यानंतर तिनं पुसायचा नाद सोडला. रोज कॉलेजातून थेट शेडवर यायची आणि फक्त नवीन वाढलेलं मिनिट ऐकायची, तापातल्या माणसाचं अंग चाचपावं तसं. आपला ठेका तिला दिवसेंदिवस सैल पडताना ऐकू येत होता. काठी एकदा निसटली. पुन्हा निसटली. गिटार मात्र ताजीतवानी होती, आधीपेक्षाही सुंदर.

बुधवारी, एकोणतिसाव्या मिनिटाला, ड्रम्स थांबले.

गिटार पुढे चालूच राहिली.

संध्यानं पडद्यावरून नजर काढली. बाहेर उन्हात कुणाचं तरी धान्य वाळत होतं, शेजारच्या मालनबाई कोंबड्या हाकलत होत्या. घरी जावं, बाबांजवळ बसावं, असं तिच्या मनात आलं. पण हिमांशूही आपल्या वाटेनं घरीच निघाला होता. घरी जाऊन काय होणार होतं?

मग तिच्या मनात आलं, हे थांबलं तिथून पुढे मीच वाजवलं तर?

तिनं गाणं स्पीकरवर पहिल्यापासून लावलं आणि ड्रम्सवर बसली. मिहिर गिटार मांडीवर घेऊन समोर डोळे मिटून बसला होता.

ती वाजवत गेली. वीस मिनिटं. पंचवीस. खांदे भरून आले, तळव्याला फोड आला. अठ्ठाविसाव्या मिनिटाला स्पीकरमधली संध्या अडखळायला लागली. ही अडखळली नाही.

एकोणतिसाव्या मिनिटाला स्पीकरमधली थांबली.

ही थांबली नाही.

झांज वाजली, मोठा ड्रम पायाखाली धडधडला, आणि संध्याला हसू फुटलं. घाम डोळ्यांत उतरत होता तरी ती हसत होती. पुढे कसं वाजवायचं, तिला ठाऊक होतं. गिटार नेत होती तिकडे ती जात होती.

दारात पुंडलिकराव आले.

"संध्या?"

तिनं मान हलवली. तोंडानं बोलायला दम नव्हता.

त्यांनी शेडभर नजर फिरवली. कॉम्प्युटरकडे पाहिलं, गाद्यांकडे पाहिलं. तिच्यावरून नजर सरळ पुढे गेली.

"ड्रम गप झाला म्हणून बघाय आलो," ते हळूच म्हणाले, शांत खोलीत माणूस बोलतो तसं. "कुठं गेली ही?"

त्यांनी मिहिरचा खांदा हलवला आणि त्यानं डोळे उघडल्यावर ड्रम्सकडे बोट केलं.

"काका, इथंच आहे की," तो म्हणाला. "वाजवतेय."

 पुंडलिकराव लंगडत ड्रम्सपाशी आले.

"बाबा!" संध्या ओरडली.

त्यांनी वाकून ड्रमच्या कातड्यावर तळहात टेकवला. त्यांच्या करंगळीशेजारीच तिची काठी आदळत होती. पुन्हा. पुन्हा. करंगळी जराही हलली नाही.

"गार हाय," ते म्हणाले.

संध्याचे हात चालूच होते. थांबायची तिची हिंमत झाली नाही.