दहावं वाक्य

"आजी, हे चालणार नाही! तुमचा लोड मराठी आहे!" वरद ओरडला.

"का नाय चालनार? तुझं इंग्रजी या घरात यायच्या आधीपासून माझा लोड हाय!" यशोदाबाईंनी भिंतीशी ठेवलेल्या लोडावर अशी थाप मारली की धूळ उडाली. "लिही! ‘पोरं दुपारभर लोडाला टेकून मोबाइल बघतात.’ आन वही इकडं, सही करते. अंगठाबिंगठा नाय, मला सही येते!"

सही तर हवीच होती. वरद आणि त्याची बहीण ऋता यांना शाळेतल्या बाईंनी सुट्टीचा अभ्यासच तसा दिला होता. एक इंग्रजी शब्द निवडायचा आणि तो लोकांच्या तोंडी कसा येतो, त्याची दहा वाक्यं जमवायची. कोण बोललं, कधी, कुठे, ते लिहायचं आणि खाली बोलणाऱ्याची सही! पुस्तकात डोकं घालायचं नाही. दोघांनी ‘लोड’ शब्द घेतला आणि यशोदाबाईंच्या नातीला, मैत्रीण जागृतीला, सोबत घेतलं. तिचे बाबा हिरामण कळंबोलीच्या लोखंड बाजारात टेम्पो चालवायचे. तिथे हा शब्द दर दोन पावलांवर ऐकू यायचा.

वायरमन म्हणाला होता, "एसी आणि गिझर एकदम लावू नका, लोड येतो." शेजारची ताई म्हणाली होती, "रिझल्टचा लोड घेऊ नको रे!" मोबाइलवाला म्हणाला होता, "पान लोड होतंय, थांब." आजीचं धरून नऊ वाक्यं झाली. एक राहिलं होतं.

तेवढ्यात यशोदाबाईंचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं, आजी?" जागृतीने विचारलं.

"तुझा बाप. शेठ म्हनतो, त्यानं वाटेत सळ्या विकल्या! संध्याकाळपर्यंत आनल्या नायत तर पोलिसात देनार."

जागृतीचे डोळे भरले. "माझे बाबा? रस्त्यात सापडलेला खिळासुद्धा परत देतात ते!"

"रडतेस काय? चप्पल घाल!" यशोदाबाईंनी पदर खोचला.

लोखंड बाजारातल्या शेठच्या यार्डाच्या फाटकातच हिरामण खाली मान घालून उभे होते. समोर यार्डाचे मालक जोतीरामशेठ हातात दोन पावत्या नाचवत होते.

"गोदामाच्या काट्यावर टेम्पो भरला सहा हजार किलो. माझ्या काट्यावर पाच हजार सहाशे! चारशे किलो सळ्या काय वाऱ्याने उडाल्या?"

"शेठ, मी कुटंच थांबलो नाय," हिरामण पुटपुटले.

शेठचे काटेवाले दिनानाथ खुर्चीत रेलून चहा पीत होते. "काटा खोटं बोलत नाही, शेठ."

ऋता एकदम थबकली. तिने वरदच्या हातातली वही ओढली आणि भराभर पानं उलटली. "सापडलं! वाक्य सहावं! मंगळवार, सकाळी साडेअकरा, जोतीरामशेठ यांचं यार्ड. ‘पलीकडच्या टोकाला लोड आला की आमचा काटा आळस करतो, कमी दाखवतो.’ बोलणारे, दिनानाथ काटेवाले!"

दिनानाथांना ठसका लागला. "मी? छे! मी असं कधी..."

"खाली सही आहे, काका!" वरद म्हणाला. "तुम्हीच शेपटीला दोन टिंबं काढलीत!"

"अरे, ते गमतीत बोललो होतो!"

"पोरखेळ बंद करा!" शेठ खेकसले. "वहीवर धंदा चालत नाही."

"मग काट्यावरच दाखवते," जागृती पुढे आली. "टेम्पो खाली घ्या. हे दहा काका काट्यावर चढू देत."

दहा माथाडी कामगार हसत हसत अलीकडच्या टोकाला उभे राहिले.

"सातशे किलो!" वरदने आकडा वाचला.

"आता तसेच पलीकडे चला! कुणी उतरू नका!"

सगळे पलीकडच्या टोकाला गेले. आकडा हलला आणि थांबला.

"सहाशे तीस!"

"अगं बाई!" यशोदाबाईंनी कपाळावर हात मारला. "दहा पावलांत एक अख्खा मानूस गायब! मोजा रे, कोन कमी झाला? की शेठ, याला पन माझ्या लेकानंच विकला?"

सगळं यार्ड हसलं. शेठ मात्र हसले नाहीत. ते स्वतः वाकले आणि काट्याच्या पाट्याखालच्या फटीत टॉर्च मारला. पलीकडच्या टोकाला चिखलात लोखंडाचा एक तुकडा घट्ट अडकला होता. त्या टोकाचं थोडं वजन पाट्याऐवजी तोच पेलत होता.

"साफसफाई कधी केली होती, दिनानाथ?" शेठनी हळूच विचारलं.

"गणपतीत... म्हणजे... गेल्याच्या गेल्या," दिनानाथ चहाच्या कपात बघत म्हणाले.

तुकडा निघाला, चिखल निघाला आणि टेम्पो पुन्हा चढला. जागृतीने घाबरून डोळे मिटूनच घेतले होते.

"सहा हजार!" वरद आणि ऋता एका सुरात किंचाळले.

हिरामणनी तोंडावरून गमछा फिरवला. घाम पुसला की दुसरं काही, ते कुणी विचारलं नाही.

शेठनी हात जोडले. "हिरामण, चूक झाली माझी. आणि पोरांनो, तुम्ही नसता तर मी एक चांगला माणूस गमावला असता. काय हवं ते मागा!"

"एक वाक्य!" तिघं एकदम म्हणाली. "लोड शब्द हवा त्यात!"

शेठनी डोकं खाजवलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिरामण जेवढा लोड घेऊन निघाला, तेवढाच घेऊन पोचला."

ऋताने ते लिहिलं. शेठ सही करायला वाकले, तशा यशोदाबाई त्यांच्या खांद्यावरून डोकावल्या.

"नीट काढा, शेठ. माझ्या सहीच्या खालीच येते ती. खराब दिसायला नको."