तिसरं बुक झालेली वेणू

बुलढाण्याच्या बाजारात त्या दिवशी अशी थंडी होती, की वांगं हातात घेतलं तरी बोटं आखडत. कचेरीतला नवा कारकून शेषराव भाजीला आला होता. बरोबरच्या सोबत्यावर छाप पाडायला तो उगाच इंग्रजीत म्हणाला, "व्हॉट इज द प्राइस, आय वंडर?"

पोत्यामागून खणखणीत उत्तर आलं, "द ओल्ड मॅन हॅज अ ब्राउन काऊ. शी गिव्ह्ज स्वीट मिल्क!"

शेषरावनं दचकून पाहिलं. वांग्यांच्या ढिगामागे सतरा-अठरा वर्षांची मुलगी, वेणू, ताठ मानेनं बसली होती. कपाळावरची बट वाऱ्यानं उडत होती, पण ती सावरायचंही तिला भान नव्हतं. तो हसला... आणि हसतच राहिला.

"काऊन हासून राह्यले?" ती तडकली. "तिसरं बुक झालं माह्यं. देऊळघाटच्या गुरुजीपाशी. सारं तोंडपाठ हाये!"

"मी वांग्यांचा भाव विचारला. तुम्ही गाईचं दूध सांगितलं."

"वांग्याचा धडाच नाही बुकात!"

"वांगे घेता का दूध, साहेब?" शेजारून तिची आत्या रुखमाबाई म्हणाली. "मांगं गिऱ्हाईक खोळंबलं."

शेषरावनं निमूट वांगी घेतली. जाताना मात्र त्यानं एकदा वळून पाहिलं — वेणूनं नजर फिरवली, पण जरा उशिरानं.

नागपूरच्या एका दवाखान्याची मडम माघात बुलढाण्याला येणार होती, नर्सच्या शिक्षणासाठी मुली निवडायला. अट एकच, इंग्रजी यायला हवी. वेणूच्या वडिलांनी, रंगरावांनी, शब्द दिला होता — निवड झाली तर नागपूर. नाही झाली तर चिखलीचं स्थळ. वेणू निर्धास्त होती. गावात इंग्रजी बुकांनीच मोजत, आणि तिसरं बुक झालेली दुसरी मुलगी आसपास नव्हती.

पण त्या हसण्यानं तिची झोप उडवली. पुढच्या बाजाराला तिनं त्याला थेट विचारलं, "खरं सांगा. माह्यी इंग्रजी कितीक हाये?"

शेषराव घुटमळला. "...पहिल्या पायरीवर."

"आन् तिसरं बुक?"

"ते बुक लिहिणाऱ्याचं. दुसऱ्याचं वाक्य म्हणता येणं, ही पहिली पायरी. ते वाक्य कळलं की दुसरी. आणि आपल्या मनातलं आपल्या वाक्यात सांगता आलं, की —"

"मडमले कोन्ती लागन?"

"मडम गाईचं नाही विचारणार. तुमचं विचारेल."

वेणूचे डोळे भरून आले. तिनं ते पदरानं पुसले आणि तराजू खाली ठेवला. "मंग शिकवा. आत्तापासून."

असं ठरलं, की शेषरावला वांगी मिळायची ती इंग्रजीतच, आणि बुकातलं एकही वाक्य चालायचं नाही. पहिल्यांदा ती कशीबशी म्हणाली, "ब्रिंजल... गुड."

"व्हाय गुड?"

तिनं वांग्याचा ताजा देठ दाखवला. मग, "मॉर्निंग... आय कट."

"हे तुमचं!" शेषराव इतक्या मोठ्यानं म्हणाला, की दोन गिऱ्हाइकं वळली. वेणू लाजली आणि एक वांगं तिनं त्याच्या पिशवीत वरून टाकलं.

रोज वांगी खाऊन शेषरावचा सोबती खोली सोडायची भाषा करू लागला. शेषरावला मात्र बाजाराचा दिवस लवकर येत नाही असं वाटे.

एकदा तो उतरल्या चेहऱ्यानं आला. नागपूर, जबलपूर, वऱ्हाड सगळा तेव्हा एकच कारभार, बदली कुठंही होई.

"माझी जबलपूरला बदली झाली. साहेबानं भरभर काहीतरी विचारलं... मी यस सर म्हणालो."

"काय इचारलं होतं?"

"मले कळलंच नाही!" त्याची कचेरीतली भाषा पार गळून पडली. "मॅट्रिक पास मी. नाही समजलं म्हनायची लाज वाटली."

वेणू हसली नाही. हळूच म्हणाली, "मंग मोठी पायरी हेच असन. नाही समजलं, असं म्हनता येनं. ते शिकवा मले."

त्यानं शिकवलं. "आय डू नॉट अंडरस्टँड. प्लीज से इट अगेन, स्लोली." दोघं पुन्हा पुन्हा घोकत राहिले — ऐकून ऐकून आत्याही पुटपुटू लागली.

निवडीच्या दिवशी मडमनं भलामोठा प्रश्न विचारला. तपकिरी गाय अगदी जिभेवर आली... वेणूनं ती गिळली, आणि मान वर करून म्हणाली, "आय डू नॉट अंडरस्टँड. प्लीज से इट अगेन, स्लोली."

मडमनं चष्म्यावरून पाहिलं. मग सावकाश विचारलं — नर्स का व्हायचं?

"माय व्हिलेज... बेबी कम, मदर डाय. नो नर्स. आय गो. आय लर्न. आय कम बॅक."

मडमनं तिचं नाव लिहून घेतलं.

नागपूरला निघायच्या दिवशी मलकापूरच्या फलाटावर कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते. रंगराव तिकिटाला गेले होते, आत्या ट्रंकेवर बसली होती. शेषराव धापा टाकत आला.

"साहेबाले सांगितलं मी... तेव्हा समजलं नव्हतं म्हनून. बदली काही टळली नाही. पण सालभरानं नागपूर माग, देतो म्हणाला."

त्याच्या केसांत कापसाचा एक तंतू अडकला होता. दूर शिट्टी ऐकू आली. वेणूनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"यू कम नागपूर," ती म्हणाली. "आय वेट."

शेषरावचे कान लाल झाले. त्याला शब्द न् शब्द कळला होता. तरी तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आय डू नॉट अंडरस्टँड. प्लीज से इट अगेन... स्लोली."

"अवं, सांग त्याले पुन्हा!" आत्या ट्रंकेवरून ओरडली. "गाडी येऊन राह्यली!"

आणि वेणूनं पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा सुटा... त्याच्या डोळ्यांत बघत.